आमच्या शाळेत तसलं काही नाही

शाळेतले किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. स्टाफरूमच्या कपाटावर जुन्या उत्तरपत्रिका साचतात ना, तसे ते साचतात. ठेवले कोणी ते आठवत नाही, काढायची जबाबदारी कोणाचीच नसते, आणि एक दिवस पंखा फुल स्पीडवर लावला की सगळे एकदम अंगावर येतात!

मी प्रतापनगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत एक वाक्य मी शाळेच्या घंटेपेक्षा जास्त वेळा ऐकलं : "आमच्या शाळेत तसलं काही नाही." तसलं म्हणजे जातपात. हा शब्द आमच्याकडे कोणी तोंडातून काढत नाही. मी काढते. मैत्रिणी म्हणतात, किती चिडतेस गं, जरा दम धर. दम धरला की मला धाप लागते. म्हणून मी किस्से सांगते. त्यांनी निदान चहा तरी संपतो.

* * *

माझा पहिला दिवस. स्टाफरूममध्ये पाठक सर भेटले. पाठक सर आमचे पर्यवेक्षक, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खालोखाल. गोड माणूस. कोणाचा वाढदिवस विसरत नाहीत. शाळेतल्या प्रत्येक फलकावर, प्रत्येक पाटीवर त्यांचंच मोत्यासारखं अक्षर.

"निमजे," ते माझं आडनाव चाखून बघितल्यासारखे म्हणाले. "निमजे म्हणजे?"

"निमजे म्हणजे विज्ञानाच्या नवीन मॅडम."

"हो हो, ते झालंच. पण मूळचे कुठले?"

"उमरेडचे."

"म्हणजे हातमागवाले!" कोडं सुटल्यासारखा सरांचा चेहरा उजळला. "अहो, आमच्या आईकडे तुमच्याच लोकांनी विणलेली लुगडी होती! गैरसमज करून घेऊ नका हं, सहज विचारलं. आमच्या शाळेत तसलं काही नाही."

आजोबा मागावर बसायचे हे खरंच आहे. बाबा पतसंस्थेत क्लार्क होते. पण मी ओळख करून द्यायच्या आधीच सरांनी माझी ओळख करून घेतली होती!

कोपऱ्यात एक बाई वह्या तपासत होत्या. रामटेके मॅडम, गणिताच्या. तेव्हाच एकोणीस वर्षं याच शाळेत. नागपुरात रामटेके म्हटलं की समोरच्याला लगेच कळतं की घर बौद्ध असणार, आणि कळलंच नाही असा चेहरा करायची सवयही सगळ्यांना आहे.

लाल पेन थांबवून त्या म्हणाल्या, "सर, मला एकोणीस वर्षांत एकदाही विचारलं नाहीत. रामटेके म्हणजे?"

"छे छे, तुम्हाला काय विचारायचं! तुमचं तर..." सर थांबले.

"माझं तर काय?"

सरांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघितलं.

"तुमचं तर गणित उत्तम आहे!"

* * *

आमच्या स्टाफरूमची एक पद्धत आहे. मधल्या सुट्टीत सगळे डबे उघडून टेबलाच्या मध्ये ठेवायचे आणि ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं. छान पद्धत! फक्त रामटेके मॅडमचा डबा रोज जसाच्या तसा परत जायचा.

मी दोन महिने पाहिलं आणि मग बोलले. सगळे माझ्यावर तुटून पडले. "अहो, योगायोग असतो!" "मला वांगं चालत नाही." "तुम्ही नवीन आहात, तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं."

बरं. मी विज्ञानाची आहे. दिसतं की नाही हे तपासायची आमची एक रीत असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि रामटेके मॅडमनी लॅबमध्ये भाज्यांची अदलाबदल केली. त्यांची वांग्याची भाजी माझ्या डब्यात, माझी बटाट्याची त्यांच्या डब्यात.

माझा डबा पाच मिनिटांत चाटूनपुसून साफ! "वा निमजे मॅडम, काय वांगं झालंय!" मराठीच्या जोशी मॅडम तर बोटं चाटत म्हणाल्या, "मला रेसिपी लिहून द्या."

आणि माझी बटाट्याची भाजी, जी एरवी रोज संपायची, ती रामटेके मॅडमच्या डब्यात बसून राहिली.

मी तिथल्या तिथे फटाका फोडणार होते. रामटेके मॅडमनी टेबलाखालून माझा हात दाबला. "एका प्रयोगावर निष्कर्ष काढू नये," त्या हळूच म्हणाल्या. "तीनदा करा."

तीन दिवस केला. तीनही दिवस तेच. तिसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं, "जोशी मॅडम, रेसिपी रामटेके मॅडमना विचारा. तीन दिवस तुम्ही त्यांचीच भाजी खाताय!"

जोशी मॅडमनी हातातला घास खाली ठेवला. कोणीतरी पुटपुटलं, "गैरसमज झालाय काहीतरी." मला वाटलं, आता रामटेके मॅडम हसतील, जिंकल्यासारख्या दिसतील. त्या डब्याला झाकण लावत होत्या.

"मला वाटायचं माझ्या हातालाच चव नाही," त्या म्हणाल्या. "मी मधल्या काळात चारदा मसाला बदलला."

चौथ्या दिवशी जोशी मॅडम आपली खुर्ची ओढत रामटेके मॅडमच्या शेजारी आल्या. माफी वगैरे काही मागितली नाही. पोळी हातात धरून म्हणाल्या, "आज वांगी नाही आणलीत? मग मी इकडे आले कशाला!"

* * *

आता ज्या मुलीसाठी हे सगळं सांगते आहे ती. पल्लवी, नववी ब. सहामाहीत अख्ख्या नववीत पहिली. वडील कळमेश्वरला एमआयडीसीत एका कंपनीत आहेत, आई मनीषनगरच्या एका दवाखान्यात आया आहे.

दिवाळीनंतरची गोष्ट. पाठक सर वर्गावर शिष्यवृत्तीचे फॉर्म घेऊन गेले. दरवर्षीची पद्धत : "स्कॉलरशिपवाले उभे राहा." म्हणजे काय, तर मागास म्हणून कोणाकोणाची नोंद आहे ते सगळ्या वर्गाने नीट बघून घ्या! आठ जण उभे राहिले. पल्लवी त्यांत होती.

मागून आवाज आला, "म्हणूनच पहिली! हिले तं सरकार मार्क पण फ्रीमध्ये देते!"

वर्ग हसला. पल्लवीने लगेच सांगितलं, "सर, ऐकलं का तुम्ही?"

"काय बेटा?"

तिने भर वर्गात ते वाक्य पुन्हा उच्चारलं. विचार करा, स्वतःबद्दलचं ते वाक्य स्वतःच्या तोंडाने! सरांनी वर्गाला विचारलं, "ज्यांनी ऐकलं त्यांनी हात वर करा."

चोपन्न मुलांचा वर्ग. एक हात वर नाही.

"बघ," सर म्हणाले. "कोणीच ऐकलं नाही. तुला भास झाला असेल. इतकी हुशार मुलगी तू, गैरसमज करून घेऊ नको." आणि तिच्या डोक्यावरून प्रेमाने हात फिरवला. तो प्रेमाचा हात मला सगळ्यात जास्त खटकतो.

आठ दिवसांनी ती लॅबमध्ये माझ्याकडे आली. हातात घडी घातलेला कागद.

"मॅडम, कानाचा डॉक्टर कुठे भेटते?"

"का गं? कान दुखतो?"

"दुखत नाही. पण मले जे ऐकू येते ते दुसऱ्या कोणालेच ऐकू येत नाही. तं माह्याच कानात काही असन ना?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती.

कागद म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याचा, टीसीचा अर्ज. कळमेश्वरला तिची आत्या राहते, तिकडच्या शाळेत जाणार म्हणाली. इथली पहिली आलेली मुलगी वर्षाच्या मध्यात शाळा सोडणार, आणि कारण काय लिहिणार? कानाचा आजार!

मला इतका संताप आला की तसंच उठून ऑफिसात जावं असं वाटलं. पण तिला त्या क्षणी माझ्या संतापाचा काही उपयोग नव्हता. मी कपाटातून ट्युनिंग फोर्क काढला. दोन दांड्यांचा लोखंडी काटा असतो तो. रबरावर आपटला की बारीक गुणगुणतो.

"डोळे मिट. ऐकू आलं की हात वर कर."

जवळून वाजवला. हात वर. दुसऱ्या टेबलावरून वाजवला. हात वर. कपाटाच्या मागे जाऊन वाजवला. हात वर. शेवटी इतका हलकेच टेकवला की मला स्वतःलाच ऐकू आला नाही. तिचा हात वर!

"कान एकदम टकाटक आहेत तुझे," मी म्हणाले. "डॉक्टरची गरज असेल तर बाकीच्यांना."

ती हसली. पण अर्ज परत घेतला नाही. "गॅदरिंगपर्यंत थांबते मॅडम. मंग टीसी." तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये गेला. तेव्हापासून मी ड्रॉवर उघडताना दुसरीकडे बघायची.

* * *

डिसेंबरच्या पालकसभेत पल्लवीची आई आली. ड्यूटीवरून थेट, हातात पिशवी. पाठक सरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आवाज मऊ केला.

"ताई, मुलगी फार चांगली आहे. फक्त जरा सेन्सिटिव्ह आहे. छोटी छोटी गोष्ट मनाला लावून घेते. घरी जरा समजावा."

आईने पाणी पूर्ण प्यायलं. ग्लास ठेवला.

"सर, घरी तं दिवसभर हासते पोरगी. मामाकडे गेली तं हासते, शेजारी गेली तं हासते. शाळेतच मनाले लागते. तं मन बिघडलं का शाळा, हे तुमीच पाहा ना जरा!"

पाठक सरांनी स्वतःसाठी पाणी मागवलं.

* * *

हा किस्सा माझ्यावरचा आहे. वगळणार होते. रामटेके मॅडम म्हणाल्या, मग बाकीचेही सांगू नको.

करिश्मा पण नववी ब मधलीच. गडचिरोलीकडची गोंड मुलगी, इथे वसतिगृहात राहते. एक दिवस तास संपल्यावर टेबलापाशी येऊन म्हणाली, "मॅडम, तुमी मले प्रश्न नाही विचारत."

मी वह्या आवरत होते, पुढचा तास होता, घाई होती. पटकन बोलून गेले, "नाही गं, तुझा गैरसमज आहे!"

वाक्य तोंडातून निघालं आणि मला ते पाठक सरांच्या आवाजात ऐकू आलं. शब्द तेच, गोडवा तोच! मी, जी रोज सगळ्यांना सुनावत फिरते, ती!

करिश्मा "हाव मॅडम" म्हणून निघून गेली. मला रात्रभर, म्हणजे अगदी खरं सांगायचं तर बारा वाजेपर्यंत, झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी हजेरीपटाच्या मागे खुणा करू लागले. ज्याला प्रश्न विचारला त्याच्या नावापुढे टिक. दोन आठवडे. पुढच्या दोन बाकांवर टिकांची जत्रा! करिश्माच्या नावापुढे शून्य. तेही खुणा करतेय हे माहीत असताना शून्य! पल्लवीला मात्र मी सगळ्यात जास्त प्रश्न विचारले होते. माझी लाडकी पीडित एकच होती म्हणायची.

मी वर्गात उभी राहून सांगितलं, "करिश्मा, तुझा गैरसमज नव्हता. मी दोन आठवडे मोजलं. मी तुला खरंच एकही प्रश्न विचारलेला नाही. माझं चुकलं."

करिश्माने शांतपणे वही उलटी केली आणि शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. तिथे तारखांप्रमाणे ओळीने शून्यं मांडलेली होती.

"माहीत होतं मॅडम. मी जूनपासून मोजून राहिली."

* * *

जानेवारीत गॅदरिंग. आमच्याकडे प्रथा अशी की गॅदरिंगला शाळेचा वार्षिक अहवाल नववीत पहिला आलेला विद्यार्थी वाचतो. मोठा मान. पाहुण्यांच्या शेजारी उभं राहायचं, फोटो निघतो, तो फ्रेम होऊन जिन्यात लागतो.

या वर्षी मीटिंगमध्ये पाठक सर म्हणाले, "वाचनासाठी आपण एक समिती नेमू. आवाज, उच्चार, स्टेज प्रेझेन्स सगळं बघून निवड करू."

"पण पल्लवी पहिली आहे ना?" मी म्हणाले. "दरवर्षी पहिला आलेलाच वाचतो."

"असा नियम कधीच नव्हता मॅडम. तुम्ही अजून नवीन आहात, तुमचा गैरसमज झाला."

"नियम होता," रामटेके मॅडम म्हणाल्या.

सर हसले. तेच, प्रेमाने. "मॅडम, इतकी वर्षं झाली की आठवणीत गोंधळ होतो कधी कधी. माझाही होतो."

रामटेके मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्या चेहऱ्यावर एक सेकंद जे दिसलं ते मी पल्लवीच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. आपल्यालाच नीट आठवत नसेल का? एकवीस वर्षं रोज पाढे पाठ करून घेणारी बाई, आणि तिला स्वतःच्या आठवणीची शंका!

एकच सेकंद. मग त्या उठल्या, दाराशी गेल्या आणि शिपाई दौलतभाऊंना हाक मारली. "भाऊ, रंगकामासाठी जिन्यातल्या फ्रेम काढून ठेवल्यात ना? जरा घेऊन या."

"किती आणू मॅडम?"

"सगळ्या."

दौलतभाऊ तीन खेपांत फ्रेम घेऊन आले आणि मीटिंगच्या टेबलावर मांडू लागले. प्रत्येकीत माइकसमोर एक मूल. आणि प्रत्येकीखाली पांढऱ्या पट्टीवर, मोत्यासारख्या अक्षरात, एकच ओळ : 'नववीत प्रथम आल्याबद्दल वार्षिक अहवाल वाचनाचा मान मिळालेला विद्यार्थी.' खाली नाव, वर्ष. एकामागून एक. टेबल भरलं, उरलेल्या खुर्च्यांवर ठेवल्या.

दौलतभाऊंना मीटिंगचा विषय काय आहे याचा पत्ताच नव्हता. ते खांद्यावरच्या दुपट्ट्याने एका काचेवरची धूळ पुसत सहज म्हणाले, "सर, अक्षर तं सगळीकडे तुमचंच दिसून राहिलं!"

पहिल्यांदा हसल्या त्या मुख्याध्यापिका. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "पाठक सर, पुढच्या पट्टीवर पल्लवीचं नाव लिहा."

पल्लवीने अहवाल वाचला. तिची आई तिसऱ्या रांगेत युनिफॉर्मवरच बसली होती. जोशी मॅडम विंगेत उभ्या राहून तिच्याबरोबर ओठ हलवत होत्या, जसं काही अहवाल पाठ करायचा असतो! फोटो निघाला. पट्टी सरांनीच लिहिली, आणि खरं सांगते, अक्षर सुंदर काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ड्रॉवर उघडला. "काय मग, फाडू का हा अर्ज?"

पल्लवीने अर्जाची घडी उलगडली. मग म्हणाली, "वाचायले भेटलं मॅडम, चांगलं वाटलं. पण ते वर्गातलं? ते तं अजूनही कोणी बोललंच नाही ना? मले तं भासच झाला ना अजून?"

मला वाटत होतं की मान मिळाला म्हणजे झालं. तिला मान नको होता. तिला तिचे कान परत हवे होते.

"शनिवारी बाबा येतीन सही करायले," ती म्हणाली.

तो सोमवार होता.

* * *

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत लॅबच्या दारात करिश्मा उभी. "मॅडम, माहाही कान तपासा."

पल्लवीची तपासणी तिने तेव्हा खिडकीतून पाहिली होती. मी ट्युनिंग फोर्क शेजारी उभ्या पल्लवीच्या हातात दिला. "तूच तपास. तुला पद्धत माहीत आहे."

पल्लवीने डॉक्टरच्या थाटात खुर्ची ओढली. "डोळे मीट वं. ऐकू आलं की हात वर कर." वाजवला. हात वर. लांब जाऊन वाजवला. हात वर.

"चांगले आहेत," पल्लवी म्हणाली.

"माहीत आहे," करिश्मा म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच. "त्या दिवशीही ऐकू आलं होतं मले. आर्यन बोलला ते."

पल्लवीच्या हातातला फोर्क तसाच गुणगुणत राहिला.

"मंग हात काहून नाही वर केला?"

"मीही स्कॉलरशिपमध्ये उभी होती ना! हात वर केला असता तं मलेही भास झाला असता!"

दोघी अशा हसल्या की शेजारच्या वर्गातून मुलं डोकावली. पल्लवीने लिहायला कागद शोधला. टेबलावर तिचाच अर्ज पडला होता. तिने तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं : '१. करिश्मा. कान चांगले. ऐकू आलं.'

मंगळवारी सहा जण आले. बुधवारी चौदा. गुरुवारी लॅबबाहेर लाइन! मी कोणाला बोलावलं नव्हतं. प्रत्येक जण डोळे मिटायचा, हात वर करायचा, आणि मग डोळे न उघडताच सांगायचा, "मलापण ऐकू आलं होतं." मिटलेल्या डोळ्यांनी बोलणं सोपं जात असावं. दौलतभाऊही मध्येच घुसले. "माहेही पाहून घे बाप्पा, इतकी वर्षं घंटा बडवून राहिलो!" पल्लवीने तपासून गंभीरपणे सांगितलं, "काका, डावा कान थोडा कमी आहे. घंटा उजवीकडे धरत जा."

शुक्रवारी सकाळी आर्यन आला. तोच, मागून बोललेला. तपासणीत हात वर केला, मग जमिनीकडे बघत म्हणाला, "ऐकू येणारच होतं. मीच बोललो होतो. सॉरी."

पल्लवी म्हणाली, "सॉरी वर्गात म्हण. इथे फक्त कान तपासतो."

तो गेला आणि त्याने वर्गात म्हटलं. चार शब्दांत, घाईघाईने, पण चोपन्न जणांसमोर. रामटेके मॅडमचा तास चालू होता. त्या म्हणाल्या, "मोठ्याने. मागच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे. त्या दिवशी गेलं होतं."

शुक्रवारी दुपारी अर्जाची मागची बाजू भरली. त्रेपन्न नावं. मी म्हणाले, "आता हा अर्ज काही ऑफिसात देता येणार नाही."

"नवीन लिहिता येते मॅडम." तिने खाली एक ओळ आखून ठेवली होती. नंबर चोपन्न, पुढे कोरं.

"हे कोणाचं?"

"ज्याइनं विचारलं होतं, कोणी ऐकलं, त्याइचं. ते तं मागच्या बाकापाशीच उभे होते मॅडम. आर्यनच्या बाजूले."

शाळा सुटली. मुलं गेली. पल्लवी फोर्क रबराच्या पट्टीशेजारी ठेवून दप्तर भरत होती. दारात पाठक सर. हातात गॅदरिंगची फ्रेम, जिन्यात लावायला चाललेले.

"निमजे मॅडम, ते कान तपासता म्हणे तुम्ही?"

"मी नाही सर. ती."

सरांनी फ्रेम टेबलाला टेकवून ठेवली. मुलांच्या छोट्या खुर्चीत बसले. गुडघे पार वर आले. पल्लवीने माझ्याकडे बघितलं. मी काहीच खूण केली नाही, आणि मला हे करायला किती कष्ट पडले ते मलाच माहीत!

"डोळे मिटा सर," ती म्हणाली. "ऐकू आलं की हात वर करा."

सरांनी डोळे मिटले. पल्लवी फोर्क घ्यायला टेबलाकडे वळली. परत वळून बघते तर सरांचा हात वर!

"सर, हात खाली करा. मी अजून वाजवलाच नाही."

"माहीत आहे," सर म्हणाले.

हात वरच होता.